‘तारण काय ठेवायचं असते?’ : नागपूरच्या पाळकांना एक खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या मराठी मंडळ्यांचे (म्हणजे चर्चचे) पाळकसाहेब, कमिटीचे सभासद आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक,

सप्रेम सलाम.

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. आमच्या घरातली ख्रिस्ती म्हणून वाढलेली माझी तिसरी पिढी. गेली काही वर्षं चर्चमध्ये माझ्याकडे एकच काम आहे आणि ते मला फार आवडतं. उपासनेला कुणी नवखं माणूस आलं की त्याला मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसवून घ्यायचं, गीतांच्या पुस्तकाचं पान काढून द्यायचं, कधी उभं राहायचं नि कधी बसायचं ते कोपरानं सुचवायचं. येणारे तऱ्हेतऱ्हेचे. आमच्यातल्या मुलाशी लग्न करून आलेली सून, नाताळच्या निमित्तानं डोकावलेला शेजारी, किंवा रस्त्यावरून जाताना गाणं कानावर पडलं म्हणून आत आलेला पोरगा. या बाकावर जे बोललं जातं ते समोर उभं राहणाऱ्या तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात पस्तिशीतले एक गृहस्थ लागोपाठ तीन रविवार आले. पतसंस्थेत कारकून. तिसऱ्या रविवारचं प्रवचन तारणावर, म्हणजे देवानं केलेल्या पापातून सुटकेवर होतं. तारण फुकट आहे, तारण आजच घ्या, उद्या फार उशीर झालेला असेल. चाळीस मिनिटांत तो शब्द किती वेळा आला हे मी मोजलं नाही, पण गृहस्थांच्या कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या असत्या. बाहेर चपला घालताना ते हळूच म्हणाले, “मॅडम, एक विचारू का? तारण काय ठेवायचं असते?”

मला आधी हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. सोनेतारण कर्जाच्या पाट्या नागपुरात कुठल्याही बाजारात दिसतात. हा माणूस दिवसभर लोकांच्या बांगड्या तोलून घेतो आणि पावतीवर ‘तारण’ असं लिहितो. त्याच्या लेखी तारण म्हणजे अडलेल्या माणसानं गहाण टाकलेली वस्तू. आणि आम्ही त्याला गंभीर चेहऱ्यानं सांगत होतो की ते फुकट आहे, आजच घ्या. तो बिचारा मनात काय हिशेब करत बसला असेल! चौथ्या रविवारी ते आले नाहीत. कदाचित बदली झाली असेल. मी मात्र घरी येऊन शब्दकोश काढला आणि आपल्या रोजच्या उपासनेतले शब्द एका वहीत उतरवायला बसले.

वही भरत गेली तसतशी मला धडकी भरली. आपल्या शास्त्रात प्रभूनं पुष्कळांसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिला असं आहे. आज वर्तमानपत्र उघडलं तर खंडणी कोण मागतं? बिल्डरला फोन करणारे गुंड. ‘साक्ष’ म्हटलं की कोर्टाची तारीख आठवते. ‘करार’ म्हटलं की घरभाड्याचा स्टॅम्पपेपर. ‘मंडळी’ हा तर आणखी गमतीचा शब्द; माझे वडील आईला ‘आमची मंडळी’ म्हणत, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणतात ती ‘ख्रिस्ताची मंडळी’ म्हणजे येशूची बायको. (प्रेषित पौलानं बायबलमध्ये इफिसकरांना लिहिताना जवळपास तीच उपमा दिली आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते.)

हे शब्द कुणी मुद्दाम अवघड केले नाहीत. ज्यांनी ते निवडले त्यांच्या काळात ते बाजारात चालणारे होते. नव्या करारातली, म्हणजे बायबलच्या उत्तरार्धातली, ग्रीक भाषासुद्धा विद्यापीठातली नव्हती. व्यापारी आणि शिपाई बोलत ती सर्वसामान्यांची ग्रीक होती. ज्या शब्दासाठी आपण खंडणी लिहिलं, तो तिथं गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजलेल्या पैशाचा शब्द होता. ऐकणाऱ्यांपैकी काही जण स्वतः गुलाम होते. त्यांना तो शब्द ऐकून काय वाटलं असेल! आपल्याकडे तेवढा शब्द उरला आणि गुलामाच्या सुटकेची ती किंमत निघून गेली. बाप्तिस्म्याचंही तसंच. ग्रीकमध्ये ते बुडवणं होतं, साधं. आपण त्याचा उच्चार तेवढा आणला.

आता याहून कठीण गोष्ट. वर सांगितलेल्या शब्दांचं बरं आहे, ते कळले नाहीत तर माणूस निदान विचारतो. पण काही शब्द त्याला कळतात, आणि आपल्याला अभिप्रेत असतं त्याच्या नेमके उलट कळतात. ‘तुम्हाला नवा जन्म घ्यावा लागेल’ हे वाक्य कुठल्याही हिंदू घरात वाढलेल्या माणसाला पूर्णपणे समजतं. चौऱ्यांशी लक्ष योनी त्याला ठाऊक आहेत, पुढचा जन्म ठाऊक आहे, आणि या फेऱ्यातून सुटावं असं त्याला आजीनं शिकवलेलं आहे. आपल्याला म्हणायचं असतं याच आयुष्यात आतून नवं होणं. तो मान हलवतो. आपण समजतो, पोचलं. ‘अभिषेक’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर श्रावणी सोमवारी पिंडीवर पडणारी दुधाची धार असते. ‘पवित्र आत्मा अंगात आला’ असं आपला एखादा उत्साही बंधू बोलून जातो तेव्हा शेजारी बसलेल्या बाईला गावाकडे अंगात येणारी मावशी आठवते. त्यात तिचा काय दोष?

बरं, नव्या जन्माबद्दल गोंधळणारी ही पहिलीच माणसं नाहीत. बायबलमधला निकदेम तर मोठा शास्त्री. त्यानं सरळ विचारलं की म्हातारा झालेला माणूस आईच्या पोटात परत कसा जाईल? योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू त्याला वाऱ्याचं उदाहरण देतो. वारा वाहतो, आवाज ऐकू येतो, कुठून आला कळत नाही. मूळ ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना शब्द एकच आहे, त्यामुळे निकदेमाला दुवा लागला असेल. मराठीत तो लागत नाही. तो आपल्याला सांगावा लागतो, आणि सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आपण काढत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

नाताळच्या आदल्या रविवारी आमच्या गल्लीतली एक सून माझ्याबरोबर आली. वय चोवीस-पंचवीस, माहेर यवतमाळकडचं. घरी करंज्या तळायला मदत करत होती, म्हणाली, काकू, मी पण येते एकदा. उपासनेनंतर आम्ही दोघी तर्री-पोह्याच्या गाडीवर थांबलो. थंडी मस्त होती. दोन घास खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “काकू, तुमच्यातही बोकड कापतात काय जी?”

“नाही गं. काहून?”

“ते गाण्यात कोकराचं रक्त म्हणून राहिले होते न. आमच्या गावाकडे नवस फेडाले कापतात. मले वाटलं तुमच्यातही असंन.” मग थोडं थांबून, “आणि रक्तानं कपडे पांढरे कसे होतीन? रक्ताचा डाग तर घासून घासून जात नाही. थंड्या पाण्यात टाका लागते लगेच.”

साठ वर्षं मी ते गीत म्हणत आले. रक्तानं कपडे पांढरे होत नाहीत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मुलांचे युनिफॉर्म मीही धुतलेत की!

मी तिला गोष्ट सांगायला लागले. मिसर देशातले गुलाम, त्यांची सुटायची रात्र, दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त, म्हणजे या घरावरून मरण पुढे जाईल. दाराच्या चौकटीला काहीतरी लावायचं हे तिला पटकन उमगलं. नव्या घराच्या उंबरठ्याला हळदीकुंकू असतंच. मग म्हटलं, ते कोकरू मेलं म्हणून घरातला मुलगा वाचला. येशूला आमच्यात कोकरू म्हणतात ते यामुळे. आम्ही आता काही कापत नाही, कारण आमच्या मते तो एकदा मेला तेवढं पुरे झालं.

ती पोहे ढवळत राहिली. मग म्हणाली, “पण देवाले तसंच माफ करता आलं नसतं काय?”

पाळकसाहेब, तुम्हाला उत्तर येतं. मलाही येतं; प्रायश्चित्त, नीतिमान ठरवणे, देवाचा क्रोध, समेट. सगळे शब्द जिभेवर आले आणि मी एकेक करून गिळले, कारण त्यातला एकही तिच्या कामाचा नव्हता. आणि ते गिळल्यावर माझ्याकडे काय शिल्लक राहिलं? फार थोडं. मी म्हटलं, “तुझ्या घरातल्या कुणी तुझे दागिने विकून टाकले आणि तू माफ केलंस, तरी दागिने गेलेच न? माफ करणाऱ्याचं नुकसान होतंच. ते त्यानं स्वतः सोसलं, असं आम्ही मानतो.” ती म्हणाली, “हे समजलं.” पटलं असं म्हणाली नाही, आणि तो तिचा अधिकार आहे.

त्या दिवशी गाडीवर उभं राहून मला जे कळलं ते इतकी वर्षं शब्बाथ शाळा घेऊन कळलं नव्हतं. ‘नीतिमान ठरवणे’ हा शब्दप्रयोग मला पाठ होता, त्याचा अर्थ मला येत नव्हता. शब्द पुढे उभा होता म्हणून मागे काही नाही हे दिसत नव्हतं. मला शंका आहे की हे माझ्या एकटीचं नसावं. तुम्ही रविवारी घरी जाऊन, तारण, कृपा, नीतिमत्त्व, पवित्रीकरण, गौरव हे पाच शब्द न वापरता, तुमचा विश्वास काय आहे हे एका पानात लिहून पाहा. मी तीन संध्याकाळी बसले. पहिलं पान फाडलं, दुसरंही फाडलं.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती जरा जपून लिहिते. धर्म या विषयावर सध्या वातावरण कसं आहे ते आपण सगळे जाणतो. कोण कुणाला काय समजावतं याकडे लोकांचं लक्ष असतं. अशा वेळी तर आपलं बोलणं आरशासारखं असायला हवं. समोरच्याला जो शब्द कळला नाही, त्याला त्यानं मान डोलावली तर तो होकार कुणाचा? आपल्या शब्दांचा की त्याचा? पतसंस्थेतला कारकून न समजता सही घेत नाही. घेतली तर त्याची नोकरी जाते. माणसाला नीट नाही म्हणता यावं इतकं तरी स्पष्ट आपण बोललं पाहिजे.

या शहराला हे शिकवायची गरज नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला इथं बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्रिशरण आणि पंचशील पालीतून झालं, आणि त्यानंतर त्यांनी आपल्या लाखो लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून. मी चोरी करणार नाही. मी खोटे बोलणार नाही. यातल्या एकाही शब्दासाठी शब्दकोश लागत नाही. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं बौद्ध घरातली होती. त्यांच्या न शिकलेल्या आज्यांनासुद्धा आपण त्या दिवशी काय म्हटलं ते नेमकं ठाऊक असे. आपण उपासनेत सगळे मिळून आपल्या श्रद्धेची कबुली म्हणून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो, तेव्हा काय म्हणतो ते आपल्या किती आज्यांना सांगता येईल?

कमिटीत हा विषय मी एकदा काढला होता. एका ज्येष्ठ सभासदांनी उत्तर दिलं की सोपं करता करता विश्वास पातळ होईल. पवित्र गोष्टींना पवित्र भाषा हवी. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मराठीची शिक्षिका आहे, भारदस्त शब्दांचा मोह मलाही आहे. पण मग पंडिता रमाबाईंचं काय करायचं? 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, संस्कृत ज्यांच्या घरचं होतं, त्या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बायबलचं भाषांतर केलं ते मुक्ती सदनातल्या साध्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर ते काम हातावेगळं केलं होतं. अवघड लिहिण्याचा सगळ्यांत जास्त हक्क ज्यांना होता त्यांनी तो सोडून दिला. त्याच्याही तीनशे वर्षं आधी, गोव्यात, फादर स्टीफन्स यांनी 1616 च्या आपल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या प्रस्तावनेत स्वच्छ सांगून ठेवलं आहे की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून सोपे घातले. म्हणजे मराठीतलं ख्रिस्ती लेखन सुरूच या काळजीनं झालं.

आणि आपल्या विदर्भाचं काय? चक्रधरस्वामींच्या मागे महानुभाव पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना केशवदेव आणि पंडित संस्कृतात काही विचारायला गेले, तेव्हा नागदेवाचार्य म्हणाले, “तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणे गा.” मला स्वामींनी मराठी सांगितली, तीच विचारा. केशवदेव संस्कृतात ग्रंथ लिहायला निघाले तर त्यांनाही अडवलं, की यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील, म्हणजे ज्ञानाला मुकतील. हा धडा मी वर्गात इतक्या वेळा शिकवला की तो माझ्या अंगवळणी पडला. वर्गात शिकवत होते आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन म्हाताऱ्यांना नागवत होते.

तरुणांनी खूश व्हायचं कारण नाही. आमच्या युवक संघाला जुने शब्द नको झालेत हे मला दिसतं, पण त्यांनी त्या जागी काय आणलं? “ब्रदर, माझ्यावर या एरियाचं बर्डन आहे.” “काल काय अनॉइंटिंग होतं!” “फेलोशिपनंतर टेस्टिमनी शेअर कर.” परवा एका मुलानं नव्या मित्राला ‘क्वाइट टाइम करतोस का’ (म्हणजे एकांतात बायबल वाचून प्रार्थना करतोस का) असं विचारलं आणि तो म्हणाला, नाही, मी हेडफोन लावून अभ्यास करतो. जुन्या शब्दांना निदान दोनशे वर्षांची झिलई तरी आहे.

सगळंच बदला असं मी म्हणत नाही. आमेन आणि हालेलूया राहू द्या. नागपुरात ते कुणालाही चालतात. बाप्तिस्मा हे एका गोष्टीचं नाव आहे, नाव बदलायचं नसतं, ओळख करून द्यायची असते. आणि गीतांना कृपा करून हात लावू नका. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या गृहस्थानं ना. वा. टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. त्या प्रवासातून पुढे आपल्याला जे अभंग मिळाले त्यांतला एकही शब्द मी कुणाला सोपा करू देणार नाही. कवितेला अर्धं कळूनही चालतं. सूचनांना आणि आमंत्रणाला चालत नाही.

मग मागणं काय? पहिलं, प्रभुभोजनाच्या रविवारी. मागच्या वर्षी एक म्हातारे बाबा ‘आज प्रभुभोजन आहे’ असं ऐकून घरून न जेवता आले होते. समोरून पाव आणि पेल्यांचं ताट आलं आणि वाढणाऱ्यानं ते त्यांच्यासमोरून तसंच पुढे नेलं, एक शब्द न बोलता. त्यांनी पुढे केलेला हात मांडीवर परत ठेवला. मी तो हात पाहिला. आधी नुसतं इतकं सांगता आलं असतं: आता आम्ही पावाचा लहान तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेऊन येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करतो, आमच्यात बाप्तिस्मा झालेले ते घेतात, बाकीच्यांनी बसून राहावं, त्यात काही कमीपणा नाही, आणि नंतर मागच्या खोलीत चहा आहे, तो सगळ्यांना आहे. मोजून पाहिलं, अर्धा मिनिट लागतो.

दुसरं, वचन काढायला सांगताना पान नंबर सांगा. ‘हबक्कूक काढा’ (हे बायबलमधलं एक छोटं पुस्तक) म्हटल्यावर नवखा माणूस आजूबाजूला पाहतो, आणि खरं सांगायचं तर जुनेही अनुक्रमणिका पाहतात.

तिसरं, एका प्रवचनात एकच जड शब्द घ्या आणि तो उकलून दाखवा, हवा तितका वेळ घ्या. पौल करिंथकरांना म्हणतो की अन्य भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच बोलणं मला बरं वाटतं. तिथं संदर्भ वेगळा आहे, मला ठाऊक आहे. पण त्याच अध्यायात त्याला सभेत अचानक आलेल्या बाहेरच्या माणसाची काळजी आहे, म्हणजे माझ्याच बाकाची.

हे आपल्याला जमणार नाही असं म्हणू नका. 29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. कुणी बिशप मानणारे, कुणी न मानणारे. कुणी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणारे, कुणी जाणत्यालाच. त्यांनी वर्षानुवर्षं बसून एकमेकांचे शब्द समजून घेतले. आणि ज्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून इथं उभं आहे ते मिशनरी हिस्लॉप साहेब 1863 मध्ये बोरीजवळ पुरात वाहून जाईपर्यंत गोंडांचे शब्द आणि गाणी टिपत हिंडत होते. आपल्याला तर फक्त आपलीच मराठी बोलायची आहे.

माझी शब्दांची वही तयार आहे. एका बाजूला आपला शब्द, मध्ये तो ऐकून नवख्यांनी काय समजलं ते, आणि तिसरा रकाना बराचसा रिकामा. तो मला एकटीला भरता येणार नाही. ‘नीतिमान ठरवणे’च्या पुढे अजून पेन्सिलनंच लिहिलं आहे. येत्या महिन्यात कुठल्याही शनिवारी संध्याकाळी, पाळकसाहेब, तुम्ही तासभर काढलात तर मी वही घेऊन येते. आमच्या गल्लीतली ती सूनही यायला तयार आहे. तिचं म्हणणं, “मले समजलं नाही तर मी सांगीन, तुम्ही लिहा.” पोहे मी आणते.

आपली नम्र,
मागच्या बाकावरची एक शिक्षिका
नागपूर